फेसबाबांची संजीवनी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर फेसबाबांनी बरणीत कोमट साखरपाणी ओतलं, त्यात मूठभर ‘सिद्ध चूर्ण’ टाकलं आणि मंत्र सुरू केला. मंत्र भलताच लांबलचक. तो संपेस्तोवर फेस बरणीबाहेर उतू गेला.

“पाण्यात जीव आला!” बाबा गरजले. “डॉक्टर हात टेकतात, तिथं माझा फेस उभा राहतो!”

मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात पहिल्या रांगेत माझी धाकटी बहीण दिसली. मांडीवर भाचा, मान टाकून पडलेला.

त्याचा आजार जन्मजात. प्रथिनांतलं ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल त्याच्या शरीराला मोडता येत नाही. साठलं की मेंदूला विष. आणि माझं प्रयोगशाळेतलं कामच मुळी यीस्ट वाढवायचं अन् वाढत्या पेशींत कुठलं अमिनो आम्ल किती आहे ते मोजायचं. बरणीचा वास मी लांबूनच ओळखला: पाव फुगवायचं यीस्ट.

“हे पाजतेस त्याला?”

“तळातला गाळ, वाटी वाटी. बाबा म्हणाले, खरी ताकद गाळातच.”

“अगं, तो जागा का होत नाहीये?”

“आजार बाहेर पडताना झोप येते म्हणे, ताई.”

मी पोराला उचललं आणि थेट रुग्णालय गाठलं. बहिणीकडचा उरलेला गाळ प्रयोगशाळेत तपासला. गाळ म्हणजे तळाशी बसलेल्या यीस्टच्या पेशी, प्रथिनांनी भरलेल्या. ल्युसीन ठासून भरलेलं.

पोराचा जीव वाचला.

पुढच्या सभेत मी दोन बरण्या घेऊन मंचावर चढले. एकीत साखरपाणी आणि तेच यीस्ट. मंत्र नाही, तरी फेस आला. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, झालं! दुसरीतलं यीस्ट मी आधीच उकळून मारलं होतं.

“बाबा, आता यात जीव आणा.”

बाबांनी मंत्र म्हटला. पुन्हा म्हटला. घाम फुटला, फेस काही फुटेना.

“हिची नजर वाईट आहे!” ते किंचाळले. लोक खो खो हसले.

हसता हसता एक बाई मला म्हणाली, “पण माझ्या दम्याला चालेल ना तो गाळ?”

बहीण मागे उभी होती. “ताई, म्हणजे मीच त्याला...” खोटं बोलून मी तिला धीर दिला नाही.

कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी विचारा: मंत्राविना हे होतं का? आणि आत आहे काय? माझ्या बहिणीनं विचारलं नाही. तिचा मुलगा आता तिला ओळखत नाही.