मोटारीच्या पेटीतला अंगारा

धामणखेडच्या मठापुढे त्या सोमवारी एवढी गर्दी लोटली होती, की निंबाची सावली पुरेना. ऊन वैशाखाचे आणि तेही अकोल्याकडचे. माणसाला उभ्याउभ्या भाजून काढणारे. अशा उन्हात देवीदास माळ्याची मोटार गावाला फेरी मारून आली, आणि आतून उतरलेले किसनराव पाटील चक्क उपरणे अंगाभोवती लपेटून घेऊ लागले.

"बाप्पा बाप्पा! आत तं पौष लागला ना!" पाटील म्हणाले.

मागच्या गादीवर शीतलगिरी महाराज मांडी ठोकून बसले होते. त्यांनी चिमटा वाजवला. "अलख! शीतळामाय रुसली होती, माझ्या एका हाकेत परत आली. थेट हिमालयातून! भुसावळला गाडीसुद्धा बदलली नाही!"

लोकांनी जयजयकार केला. भुसावळचे नाव निघाल्यामुळे गोष्ट अधिकच खरी वाटू लागली.

ही मोटार देवीदासने गुढीपाडव्याच्या सुमारास अमरावतीच्या एका साहेबाकडून जुनी घेतली होती. साहेब हौशी. त्याने खिडकीला एक पत्र्याची पेटी बसवली होती आणि तिच्यात वाळ्याच्या सुगंधी मुळ्या ठासून भरल्या होत्या. वरून पाणी ओतायचे. मोटार पळाली की वारा ओल्या वाळ्यातून थंड होऊन आत येई. देवीदासची बायको पार्बताबाई आपल्या मळ्यातल्या मोगऱ्याचे करंडे मोटारीत ठेवी आणि कळ्या अकोल्याच्या फूलबाजारात पहाटेसारख्या टवटवीत पोचत.

असे महिनाभर चालले. मग पेटीतून भट्टीसारख्या झळा येऊ लागल्या, मोगरा वाटेतच तांबूस पडू लागला आणि पेटीच्या तोंडाशी पांढरी भुकटी जमली. महाराजांनी ती चिमटीत धरून जाहीर केले, की हा देवीचा अंगारा आहे. मोटार दोन दिवस मठाच्या कोठ्यात कोंडून त्यांनी अनुष्ठान केले. आणि आज पाहावे तर मोटार पुन्हा गार!

"पण देवी माझ्या पाठी आली आहे, देवीदासच्या नाही," महाराज म्हणाले. "गुरुवारी मोटार मठाला अर्पण करा. नाहीतर मळा जळेल."

देवीदासने घाबरून मान डोलावली. पार्बताबाईचा चेहरा उतरला. बैलगाडीने फुले पाठवायची म्हणजे बाजारात कळ्यांचा पाचोळाच उतरवायचा. मळा तिने स्वतःच्या हाताने उभा केला होता.

गर्दीत दुर्गाबाई होत्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षे शिकवलेल्या मास्तरीणबाई. त्याही मोटारीत एक फेरी मारून आल्या होत्या आणि गारवा खरा होता, हे त्यांनी मनाशी प्रामाणिकपणे कबूल केले. खोटे म्हणून उडवून लावणे सोपे असते; पण गार लागले ते लागलेच. मग ते कशाने? त्यांना आठवला तो वास. पेटीतून नव्याकोऱ्या वाळ्याचा घमघमाट येत होता. महिनाभर भिजून वाळलेला वाळा असा कसा दरवळेल?

त्या पार्बताबाईजवळ गेल्या. "पार्बते, पेटीत पानी कोनतं टाकत होतीस व?"

"आपल्याच विहिरीचं, बाई. दुसरं कोनतं?"

"अन् तो अंगारा कोनी चाखला काय?"

"अर्ध्या गावानं! खारट हाये. महाराज म्हने, देवीले घाम आला." पार्बताबाईने आवाज खाली आणला. "कालपासून अर्धं गाव लोटा घेऊन पयून राहिलं. महाराज म्हने, पाप निंगून राहिलं."

दुर्गाबाईंनी तोंडावर पदर धरला. हसू दाबायला मोठे कष्ट पडले.

शाळेतल्या शकुनला त्यांनी मठामागे करवंदे वेचायला नव्हे, कचरा वेचायला पाठवले. पोरगी गवऱ्यांच्या ढिगामागून वाळ्याची एक ढेप घेऊन आली. काठीने ठोकली तर खणखण वाजे, इतकी ती मिठाने कडक झाली होती. बुधवारी दुर्गाबाई फुलांच्या गाडीने अकोल्याला गेल्या. जुन्या शहरात गयासुद्दीन वाळ्याचे पडदे विणतो, त्याच्या दुकानात बराच वेळ बसल्या, आणि येताना त्यालाच सोबत घेऊन आल्या.

गुरुवारी मोटारीला हार घातला होता. महाराज चाक हातात धरून बसले होते. मोटार चालवता येत नव्हती, पण भोंगा मात्र ते सारखा वाजवत होते.

"महाराज, एक शंका," दुर्गाबाई म्हणाल्या. "देवी येताना वाळा घेऊन आली काय?"

"देवीच्या कामात शंका? भस्म होशील!"

"होईन मंग. आधी पेटी तं उघडू."

महाराज नको नको म्हणेपर्यंत शकुनने पेटीचे झाकण काढलेसुद्धा. आत हिरवट, ताजा वाळा होता. गयासुद्दीनने तो उपसला आणि हसला. "ये तो मेरा माल है! लाल सुतळीची गाठ माह्याच हातची हाये. हे महाराज मागल्या जुम्म्याले आले होते, पेटीचं माप घेऊन. मी म्हनलं, मठाले कूलर कावून? तं म्हने, ध्यानाले लागते!"

गर्दीत कोणीतरी खिंकाळल्यासारखे हसले. किसनराव मात्र अडून बसले. "पन अंगारा? तो कुठून आला?"

दुर्गाबाईंनी चुलीवर कढई ठेवायला लावली आणि तीत गावच्या विहिरीचे तांब्याभर पाणी ओतले. पाणी आटेपर्यंत सगळे चुलीभोवती कोंडाळे करून उभे राहिले. कढईच्या बुडाशी पांढरी भुकटी उरली.

"घ्या, प्रसाद! तुमच्या रांजनावर पांढरा थर बसते, तो तुमी दर हप्त्याले खरडून फेकता का नाई? मग मोटारीवर बसला तं तो अंगारा कसा झाला?"

बायकांना ते लगेच पटले. विहिरींना खारेच पाणी लागणारा हा खारपाणपट्टा; रांजण खरडून खरडून त्यांची नखे झिजली होती.

दुर्गाबाई आता वर्गात असल्यासारख्या बोलू लागल्या. "पोट्ट्यांनो, हात ओला करा अन् फुंका. गार लागते ना? पानी वाळताना उष्णता घेऊन जाते. वाळ्याचं तेच काम. अमरावतीले साहेब गोडं पानी टाके. आपलं खारं पानी वाळलं, पन मीठ मागं राहिलं, वाळ्याच्या फटी बुजल्या. वारा जाईल कुठून? अन् वारा नाई तं गारवा नाई." त्यांनी मठामागे सापडलेली जुन्या वाळ्याची ढेप किसनरावांपुढे धरली. "फुंकून पाहा, पाटील."

पाटलांनी गाल फुगवून फुंकले. डोळे बाहेर आले, पण वारा पलीकडे गेला नाही. नवा वाळा फुंकला, तर पलीकडच्या शकुनच्या बटा उडाल्या.

एवढ्यात महाराज मोटारीच्या पलीकडच्या दाराने उतरून चालू लागले.

"अवो महाराज!" पार्बताबाई ओरडली. "घरून अंगारा घेऊन जा ना, रांजनभर हाये!"

देवीदासने मोटारीचा हार काढला आणि खाली मान घालून बायकोच्या हातात दिला. "चाल. आजचा मोगरा अजून बाजारात जाते. अन् येताना अकोल्याहून गोड्या पान्याचे चार डबे भरून आनू."

"अन् वाळा?"

"महिन्याले धुवायचा, वाळवायचा," गयासुद्दीन म्हणाला. "उसमें मंतर नहीं लगता, माय."

किसनराव अजून घुटमळत होते. "बाई, मंग देवीले हात जोडायचे नाई काय?"

"जोडा ना, कोन नाई म्हनते? पन कोनी देवीच्या नावानं तुमची वस्तू मागितली, तं हात जोडायच्या आधी ते मोकळे ठेवा, अन् पेटीचं झाकन उघडून पाहा. देव तेवढ्यानं रागावत नाई. रागावते तो, ज्यानं आत काही लपवलं असते."