पहिला खटका

पोलीस गॅरेजातल्या त्या पांढऱ्या गाडीला सगळे ‘भोळी’ म्हणत. चोर पकडायला ती बाजाराच्या मागच्या गल्लीत उभी करायची, काचा खाली, किल्ली जागच्या जागी, सीटवर लॅपटॉपची बॅग, आणि समोरच्या शिंप्याच्या माडीवरून नजर ठेवायची. कोणी किल्ली फिरवली की दारं बंद, शिपाई हजर, गिऱ्हाईक आत. अशी ती भोळी! तिच्याइतकी डांबिस गाडी शहरात दुसरी नसेल.

ही सगळी करामत मेकॅनिकची. हातात कसब होतं, पण अंगात आळसही तेवढाच. किल्लीला दोन खटके. पहिल्यावर दिवे आणि काचा चालतात, दुसऱ्यावर इंजिन. दारांची वायर दुसऱ्या खटक्याला जोडायची तर अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागला असता. त्याने ती पहिल्यालाच जोडून टाकली. किल्लीला हात लावणारा काय गाडीची ख्यालीखुशाली विचारायला येतो? सात महिन्यांत सात जण सापडले. साहेबांनी पाठ थोपटली, बायकोने ती बातमी माहेरी पोचवली, आणि एरवी नाक वर करून बोलणारा मेहुणा चक्क ‘भावजी, भावजी’ करू लागला.

त्या दुपारी माडीवर मेकॅनिक स्वतःच बसला होता. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, खाकी शर्टातला, गाडीपाशी थांबला.

“अहो, गाडी कोणाची?” त्याने चपलांच्या दुकानात विचारलं. मग औषधवाल्याकडे. कोणालाच माहीत नव्हतं. तो कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला, शेवटी आत बसला आणि त्याने किल्ली फिरवली. काचा वर सरकू लागल्या. त्याच क्षणी खटाखट दारं लागली, आणि काचा अर्ध्यावर येताहेत तोच दोन शिपाई धावत आले.

“काचा वर घेत होतो, साहेब,” चौकीत ड्रायव्हर म्हणाला. “बॅग उघड्यावर होती. किल्ली औषधवाल्याकडे देणार होतो. केस झाली तर शाळा मला उद्या गेटातसुद्धा घेणार नाही हो.”

“हाही काचाच म्हणतोय!” साहेब हसले.

मेकॅनिक हसला नाही. सापडलेल्यांतला चौथा, एक लाँड्रीवाला, अगदी हेच म्हणाला होता. तेव्हा सगळे हसले होते आणि मेकॅनिक सगळ्यांत मोठ्याने. तो माणूस अजून तुरुंगात होता.

साहेबांनी कागद मेकॅनिकपुढे सरकवला. ड्रायव्हरने इंजिन चालू करण्याचा प्रयत्न केला, एवढं लिहून सही करायची होती. मेकॅनिकचं पेन चालेना. खरं सांगावं तर सातही केसेस उकरल्या जाणार आणि त्याची नोकरी जाणार. खोटं लिहावं तर समोर हा माणूस बसलेला. त्याने तिसरी वाट काढली. तोडगे काढण्यात तो पटाईतच होता.

“साहेब, आज दारांचं यंत्रच बिघडलंय. कोर्टात टिकायचं नाही.”

साहेबांनी दोन शिव्या हासडल्या आणि ड्रायव्हरला सोडून दिलं. मेकॅनिकला क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची शरम वाटली. आपण एकाला सोडवलं ते आपली कातडी वाचवूनच, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

फाटकाशी ड्रायव्हर त्याची वाट बघत थांबला होता.

“उपकार झाले, दादा. पण एक सांगा. यंत्र कुठे बिघडलं होतं? पहिल्या खटक्यालाच दारं लागली. आयुष्य गाड्यांत गेलंय माझं. ते तसंच जोडलंय ना?”

मेकॅनिक फाटकाची कडी उगाच लावू-काढू लागला.

“आणि ‘हाही’ म्हणाले साहेब. म्हणजे आणखी कोण?”

“एक लाँड्रीवाला. आत आहे. चार महिने झाले.”

ड्रायव्हर वळला आणि चौकीच्या पायऱ्या परत चढू लागला.

मेकॅनिकने धावत जाऊन त्याचा दंड धरला. “अहो, कुठे निघालात?”

“यंत्र चांगलं आहे, पहिल्याच खटक्याला जोडलंय, ते साहेबांना सांगायला.”

“वेडे आहात का? तुम्हालाच परत आत टाकतील!”

“टाकतील,” ड्रायव्हर म्हणाला. त्याने दंड सोडवून घेतला. “मग तुम्ही सांगता?”