पिठ्या ढेकूण

मंजुळा गेली त्याला चार महिने झाले आणि तिच्या जास्वंदीला कापूस लागला.

मला तो कापूसच वाटला. आमच्या गॅलरीच्या टोकाला, लोखंडी स्टँडवर तेलाच्या डब्यात तिने लावलेली जास्वंद आहे. फिक्या केशरी रंगाची, भरगच्च पाकळ्यांची. पानं फांदीला जिथे जोडलेली असतात तिथे पांढरे पुंजके दिसायला लागले. बोटाने पुसले तर बोट चिकट झालं. कळ्या उमलायच्या आधीच गळत होत्या.

त्या दिवसांत मी घरात टिकत नव्हतो. चहा उकळेपर्यंत गॅलरीच्या दोन फेऱ्या मारायचो. टीव्ही लावायचो, बंद करायचो. भोईवाड्यातून निघून चालत लालबागपर्यंत जायचो आणि तिथे काही काम नाही म्हणून परत यायचो. लिफ्टच्या दुरुस्तीत माझी छत्तीस वर्षं गेली. हात रिकामे असले की ते कुठे ठेवायचे मला कळत नाही. मंजुळाच्या आजारपणाचे आठ महिने हातांना काम होतं. गोळ्या, डायपर, पेज, कूस बदलणं. मग एकदम काहीच नाही.

खोलीत भिंतीला लागून लोखंडी खाट आणि तिच्यावर मंजुळाची कापसाची गादी होती. आठ महिने ती बहुतेक डाव्या कुशीवर झोपली. दुसऱ्या कुशीवर वळवलं तर कळवळायची. त्यामुळे गादीला खळगा पडला होता. खांद्यापाशी एक, कमरेपाशी त्याहून खोल. चादर मी काढून धुतली, पण गादी हलवली नाही. मी खाली चटईवर झोपायचो. आमची मुलगी दर्शना बदलापूरला असते. ती प्रत्येक फोनवर म्हणायची, "बाबा, ती गादी टाका आता." मी म्हणायचो, "बघू." खळग्याचं तिला सांगितलं नव्हतं. असलं काय सांगायचं?

एक दिवस जास्वंदीची फांदी तोडून पिशवीत घातली आणि चालत दादरच्या एका नर्सरीत गेलो. तिथे मेघना नावाची मुलगी काम करते. शेतकी शिकलेली. तिने पिशवीतून नुसतं बघितलं.

"मिलीबग. काका, पिशवी इथे उघडू नका, माझी सगळी झाडं जातील."

"मराठीत काय म्हणतात ह्याला?"

"पिठ्या ढेकूण."

"मग औषध दे."

"त्यांच्या अंगावर मेण असतं. औषधाने वरवरचे मरतात, फटीतले राहतात. त्यापेक्षा ह्यांना खाणारे भुंगे मिळतात. मागवू?"

"म्हणजे किड्यांवर किडे सोडायचे? आणि नंतर ते माझ्या घरात शिरले तर?"

"तुमच्या डाळ-तांदळात त्यांना इंटरेस्ट नाही, काका. पिठ्या संपले की ते उडून जातात नाहीतर उपाशी मरतात."

मग तिने समजावून सांगितलं. पिठ्या गोड चिकट पाणी सोडतात, ते मुंग्यांना आवडतं, म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात. तेव्हा आधी मुंग्यांची वाट बंद करायची. झाडावर काहीही मारायचं नाही, साबणाचं पाणीसुद्धा नाही.

"आणि मग?"

"मग काही नाही. महिनाभर नुसतं बघायचं."

"दुसरं काही करता येणार नाही?"

ती हसली. तिला काय माहीत, मला दहा मिनिटं बसवत नव्हतं.

घरी आलो तर शेजारच्या मालनवहिनी दारात बांगडे साफ करत होत्या. त्या मूळच्या मालवणकडच्या. चाळीस वर्षं मुंबईत, पण बोली तीच.

"भावोजी, इतक्या उन्हात खंय गेल्लात?"

"ढेकूण झालेत, वहिनी. मंजुळाच्या..."

तेवढ्यात त्यांच्या कुकरने शिट्टी दिली. "अगो बाये!" म्हणून त्या आत पळाल्या. मी 'जास्वंदीला' म्हणालो ते शिट्टीत गेलं. मी स्टँडच्या चारही पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवायला लागलो.

भुंगे आठवड्याने आले. एका डबीत कागदाच्या पट्ट्या आणि त्यांच्यावर हे बारीक काळे भुंगे, डोकं तेवढं तांबूस. मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे. मेघनाने सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी झाडावर सोडले आणि ते लगेच उडून जाऊ नयेत म्हणून वरून जुनी मच्छरदाणी टाकली.

"झाडाक मच्छरदाणी?" मालनवहिनी म्हणाल्या.

"किडे सोडलेत आत."

त्या माझ्याकडे बघत पदर सावरून घरात गेल्या.

त्याच सुमारास माणसं आमच्याकडे बसेनाशी झाली. पूर्वी माझ्याबरोबर कामाला असलेला गौतम रोज खालच्या मजल्यावरून चहाला यायचा. तो आता उंबऱ्यातच उभा राहून चहा प्यायचा.

"बस की रे."

"नको, गुडघा धरतो."

"मग उभा कशाला राहतोस?"

"डॉक्टरने उभं राहायला सांगितलंय."

"कुठला डॉक्टर?"

"आहे एक," असं म्हणून तो कप खाली ठेवायचा आणि जाताना पँट झटकायचा. दोन्ही पाय, व्यवस्थित. मला वाटलं, चार महिने झाले, दुःखाच्या घरात माणूस तरी किती दिवस बसेल. मी मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे, घेतलं.

भुंगे सोडून दोन आठवडे होत आले. मी दिवसातून वीस वेळा मच्छरदाणी वर करून बघायचो. एका सकाळी बघतो तर पांढरे किडे मोठे झालेले. पूर्वी तांदळाच्या कणीएवढे होते, आता चांगले लांबट, अंगाला पांढरी झालर, आणि फांदीवरून चालतायत! माझं डोकं फिरलं. भुंग्यांनी काही केलं नाही, उलट हेच माजले. जुना टूथब्रश आणला आणि एकेक चिरडायला लागलो. आठ मारले. मग मेघनाला फोन लावला, भांडायलाच.

"चालतायत म्हणता?" ती म्हणाली. "भराभर?"

"भराभर."

"काका, ब्रश खाली ठेवा. ठेवला? ती भुंग्यांची पिल्लं आहेत. दिसतात पिठ्यांसारखीच. पिठ्या जागचे फारसे हलत नाहीत. जो चालतो तो आपला."

मी खाली बसलो. "आठ मारली मी."

"राहिली किती?"

मोजली. "एकोणीस."

"पुष्कळ आहेत. पिल्लं भुंग्यांपेक्षा जास्त खातात. पण आता ह्यांना सांभाळा. हात खिशात ठेवा."

त्याच दिवशी संध्याकाळी दर्शनाचा फोन.

"बाबा, रविवारी पेस्ट कंट्रोलवाला घेऊन येतेय. सगळी खोली, गॅलरी, सगळं मारून घेऊ. आणि आईची गादी त्याच दिवशी जाईल."

"कशासाठी?"

"ढेकूण झालेत ना! मालनकाकींनी सांगितलं. अख्ख्या मजल्याला माहितीये. मलाच नाही सांगितलंत."

गौतमचा गुडघा आत्ता माझ्या लक्षात आला.

"अगं, ते झाडाचे ढेकूण."

"झाडाला ढेकूण नसतात, बाबा."

"पिठ्या ढेकूण. तुझ्या त्या फोनमध्ये बघ."

"गादी टाकायची नाही म्हणून तुम्ही काहीही सांगता. तिकडे झाडाला मच्छरदाणी लावून बसलायत म्हणे. मला इथे झोप लागत नाही." तिचा आवाज फुटला. "रविवारी येतेय."

रविवारी सकाळी ती आली. बरोबर स्वप्नील म्हणून पोरगा, पाठीला पिवळा पंप, मास्क गळ्यात. मागे मालनवहिनी, नाकाला पदर. दर्शना खोलीत शिरली पण बसली नाही. मी तिला आधी गॅलरीच्या टोकाला नेलं आणि मच्छरदाणी काढली.

"बघ, हे ते ढेकूण."

"शी! बाबा, चालतायत! स्वप्नील, आधी ह्याच्यावर मार."

स्वप्नीलने पंपाचा दांडा हलवला. मी नळीच्या तोंडावर हात ठेवला.

"ह्याच्यावर नाही. ही चालणारी आपली आहेत. जे बसलेत त्यांना ही खातात."

"घरातसूनच गेले आसतले झाडार," मालनवहिनी म्हणाल्या.

"बाबा, हात काढा. औषध आहे त्यात."

"नाही काढत."

मी ओरडलो वाटतं, कारण पलीकडची दोन दारं उघडली. दर्शना माझ्याकडे बघत राहिली. मंजुळाच्या आजारपणातसुद्धा मी कधी ओरडलो नव्हतो.

स्वप्नील मधे पडला. "काका, माझं काही नाही. पण खोलीत ढेकूण असले तर गॅलरीपण मारायला लागते, नाहीतर परत येतात."

"आणि नसले तर?"

"नसले तर कशाला मारू? पण गादी बघायला लागेल."

"बघ मग. वरून बघ."

"वरून नाही दिसत. शिवणीत असतात, खालच्या बाजूने. पलटी करायला लागेल."

मी झाडाकडे बघितलं. एक पांढरं पिल्लू पानाच्या देठावरून उतरून पुंजक्यात डोकं घालत होतं. नळीच्या तोंडावर माझा हात होता तो मी काढला.

"चल," मी म्हटलं. "पलटी करू."

दोन कोपरे त्याने धरले, दोन मी. दर्शना पुढे आली तर तिला नको म्हटलं. गादी उचलली तसा आत गोळा झालेला कापूस एका बाजूला घसरला. वजन माझ्याकडे आलं. आम्ही ती उलटी टाकली. स्वप्नीलने चारही शिवणी बॅटरी लावून बघितल्या, नखाने उलटून बघितल्या. खाटेचे सांधे बघितले. भिंतीच्या भेगा बघितल्या. दहा मिनिटं तरी बघत होता.

"एकपण नाही. डागसुद्धा नाही. स्वच्छ आहे, काका."

दर्शनाने मालनवहिनींकडे बघितलं. वहिनींनी पदर नाकावरून खाली घेतला.

"भावोजीच म्हणाले माका, ढेकूण झाले म्हणान!" मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "त्येका आमच्याकडे जरा मारूक सांगा ना. तीन-चार दिसले माका काल."

"म्हणजे काकी, तुमच्याकडे..."

"हळू बोल गे! अख्ख्या मजल्याक ऐकवतंस?"

स्वप्नील हसू दाबत पंप घेऊन शेजारी गेला. जाताना म्हणाला, "झाड आत घ्या. वारा असला तर फवारा इकडे येईल. दोन तास दार-खिडकी बंद ठेवा."

मी आणि दर्शनाने डबा उचलून आत आणला, हळू, फांदी कुठे लागू न देता. खिडकी लावली, दार लावलं. खोलीत दिवा लावायला लागला. ती दमून गादीवर बसली. वर आलेली बाजू सपाट होती. खोळीवरच्या पट्ट्यांचा रंगही नवा राहिला होता. तिने हाताने चाचपून बघितली.

"चांगली आहे की, बाबा. मीच उगाच टाका टाका म्हणत होते. राहू दे."

"नको. कुणाला पाहिजे असेल तर दे."

"आता का? चार महिने तर ऐकत नव्हतात."

मी झाडापाशी खाली बसलो होतो. "तुझ्या आईचा खळगा होता गादीत," मी म्हटलं. "डाव्या कुशीचा. आता खाली गेला. कापूसही सरकला."

ती चटकन उठली. मग गुडघ्यावर बसून तिने गादी आणि खाटेच्या पट्ट्या ह्यांच्या मधे हात घातला, कोपरापर्यंत, आणि चाचपायला लागली.

"इथे?"

"थोडं डावीकडे. नाही, तुझ्या डावीकडे."

"इथे?"

"तिथे खांदा."

तिने हात काढला नाही. गाल गादीला टेकून तशीच बसून राहिली.

शेजारी पंप सुरू झाला. औषधाचा वास आला तसा मी उठलो, टॉवेल मोरीत भिजवला आणि दाराच्या फटीत कोंबला.