डिझेल संपल्यावर काय करावे

गाडीत डिझेल किती आहे, एवढं सोडून जावयाला सगळं ठाऊक असायचं. डिझेल संपल्यावर गाडी कडेला कशी घ्यावी, दिवे कुठले लावावेत, कुठल्या दारानं उतरावं, किती पावलं मोजून तो लाल त्रिकोण रस्त्यावर मांडावा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी तो धडाधडा सांगायचा. डिझेल संपूच नये म्हणून काय करावं, हे मात्र त्याला कुणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तर तो प्रश्नच त्याला हलका वाटला असता. मोठ्या बाईंना त्याचा राग यायचा असं म्हणता येणार नाही. राग यायला समोरचा माणूस निदान तोलामोलाचा लागतो.

मोठ्या बाई म्हणजे लॉन्ड्रीच्या मालकीण. शाळा त्यांनी तिसरीपर्यंत पाहिली, तीही अर्धीमुर्धी. पण चादरीवरचा डाग नुसता बोटानं चाचपून रक्ताचा की औषधाचा हे सांगायच्या. नवरा गेल्यावर धंदा त्यांनी एकटीनं ओढला, आणि इस्पितळात माल पोचवणारी व्हॅनही बावीस वर्षं स्वतः हाकली. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलं, आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडा म्हणून सांगितलं. धाकट्या मुलीला गाडी बाईंनीच शिकवली होती, पण किल्ली गेली तिच्या नवऱ्याकडे. ‘दिली’ असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. ‘गेली’ म्हणायच्या, घरातलं कुणी माणूस गेल्याचं सांगावं तशा आवाजात.

त्या व्हॅनचा डिझेलचा काटा कैक वर्षांपूर्वी अर्ध्यावर अडकला होता. टाकी तुडुंब असो नाहीतर कोरडी, काटा आपला अर्ध्यावर. बाईंनी तो दुरुस्त केला नाही, कारण त्यांना त्याची गरजच नव्हती. सकाळी माल टाकला की परतताना पंपावर थांबायचं आणि टाकी गळ्याशी येईपर्यंत भरायची, ही त्यांची रीत. आदल्या दिवशी भरलेली असली तरी. पंपावरचा माणूस म्हणायचा, “बाई, आज तर तीनच लिटर मावलं.” बाई म्हणायच्या, “मावलं ना? मग झालं.”

जावयानं पहिल्याच आठवड्यात ती रीत मोडली.

“आई, पंपावर रोज दहा मिनिटं जातात. म्हणजे महिन्याला पाच तास!” त्यानं मोबाइल पुढे धरला. “यात किलोमीटर टाकले की टाकीत किती उरलं ते कळतं. पाव टाकी राहिली की भरायचं. सोपं.”

“आणि ते यंत्र चुकलं तर?”

“त्याचीच तर तयारी करतोय,” जावई म्हणाला, आणि त्याचे डोळे लुकलुकले.

वाचलेल्या पाच तासांत त्यानं एक पिवळी पिशवी भरली. त्रिकोण, चकाकणारं जाकीट, टॉर्च, टॉर्चचे जादा सेल, शिट्टी, घोंगडी, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, हातमोजे, नरसाळं, मोबाइल चार्ज करायचा डबा, आणि पाच लिटरचा नवाकोरा कॅन, डिझेलनं भरलेला. वर प्लास्टिकमध्ये घालून घेतलेली यादी. यादीचं नाव, ‘डिझेल संपल्यावर काय करावे’. कुठल्याशा परदेशी व्हिडिओवरून त्यानं ती उतरवली होती आणि ‘पेट्रोल’ खोडून ‘डिझेल’ लिहिलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी तर त्यानं लॉन्ड्रीच्या अंगणात सराव घेतला. व्हॅन उभी केली, धाकटीला आणि बाईंना आत बसवलं, आणि एकदम ओरडला, “डिझेल संपलं!” मग घड्याळ लावून सगळ्यांना खाली उतरवलं आणि भिंतीमागे उभं केलं. बाईंच्या हातात शिट्टी दिली.

“ही कशाला?”

“मदत मागायला, आई. तीनदा वाजवायची.”

“मला मदत लागली तर मी हाक मारते,” बाई म्हणाल्या. “माझी हाक बॉयलरपर्यंत जाते.”

धाकटी तोंडाला पदर लावून हसली, मग नवऱ्याकडे पाहून गप्प झाली. एक मिनिट चाळीस सेकंद लागले, असं जावयानं वहीत लिहून ठेवलं. पुढच्या वेळी याहून कमी वेळात करू, असंही लिहिलं.

इतपत ठीक होतं. खुळ्याला खेळणं मिळालं की तो घरात गडबड करत नाही, एवढ्या हिशेबानं बाईंनी ते चालू दिलं. पण इस्पितळाचं काम हा खेळ नव्हता. लॉन्ड्रीत चार बायका आणि एक बॉयलरवाला होता, आणि त्या पाचांची चूल इस्पितळाच्या चादरींवर पेटत होती. ऑपरेशनची धुतलेली, वाफवलेली कापडं सकाळी नऊच्या आत तिथं पोचायलाच हवीत. जावयाच्या हाती गाडी आल्यापासून दोनदा उशीर झाला. एकदा टायर बसला. दुसऱ्यांदा रस्त्यात कुणा अनोळखी माणसाचं पेट्रोल संपलं होतं, आणि जावई पाऊण तास थांबून त्याला मार्गदर्शन करत होता. इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी फोनवर दोनच वाक्यं सांगितली होती. पुन्हा उशीर झाला तर काम दुसरीकडे देऊ. दुसरीकडे बोलणं झालेलं आहे.

म्हणून त्या सकाळी मोठ्या बाई स्वतः गाडीत बसल्या.

अर्धा रस्ता बरा गेला. मग चढावर व्हॅननं एक आचका दिला, दुसरा दिला, आणि घशात काही अडकल्यासारखी खाकरून गप्प झाली. उरल्यासुरल्या वेगात जावयानं गाडी कडेला घेतली आणि ती मागे घसरू नये म्हणून ब्रेक दाबला. बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड उजळलं होतं. निकाल लागून पहिला नंबर आल्याचं कळावं, तसं.

“आई, घाबरू नका,” तो म्हणाला.

“घाबरतंय कोण? साडेआठ झालेत.”

“आधी आपण सुरक्षित जागी उभं राहायचं.”

“मी इथंच सुरक्षित आहे. कॅन ओता.”

पण यादीत कॅन नववा होता. आधी जाकीट झालं. मग दिवे. मग तो त्रिकोण घेऊन मागे चालत गेला, पावलं मोठ्यानं मोजत. मध्ये एक मोटरसायकल आडवी गेली तेव्हा चुकला, परत आला आणि पहिल्यापासून मोजू लागला. बाई दार उघडून बसल्या होत्या. मागे शंभरावर चादरी आणि हिरवी कापडं गाठोड्यांत बांधलेली. त्यांनी एका गाठोड्यावर हात ठेवला. अजून कोमट होतं.

शेवटी हातमोजे चढवून, नरसाळं लावून, एक थेंब न सांडता जावयानं कॅन टाकीत रिकामा केला. ते मात्र त्यानं छान केलं. मग रुबाबात आत बसून किल्ली फिरवली.

गाडी घरघरली. सुरू झाली नाही.

पुन्हा घरघरली. पुन्हा नाही.

“असं कसं?” जावयानं यादी उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

“हवा धरली,” बाई म्हणाल्या. “डिझेलची गाडी पार कोरडी झाली की नळीत हवा शिरते. ती काढल्याशिवाय वर कितीही ओता. किल्ली फिरवू नका आता, बॅटरीही बसेल. पान्यांची पेटी काढा.”

जावई जागचा हलला नाही.

“पत्र्याची पेटी. तुमच्या सीटमागे असते ती.”

“ती शेडमध्ये ठेवली, आई. गंजली होती. आणि पिशवी बसत नव्हती तिथं.”

बाई खाली उतरल्या, कंबरेवर एक हात ठेवून रस्त्याच्या अगदी काठाशी उभ्या राहिल्या आणि दुसरा हात वर केला. दोन मोटारी त्रिकोण पाहून लांबून वळसा घालून गेल्या. तिसरा ट्रक होता. तो थांबला.

“काय झालं, मावशी?”

“बारा नंबरचा पाना आहे का? पाच मिनिटांत परत देते.”

ट्रकवाल्यानं पाना काढता काढता व्हॅनकडे पाहिलं. “आणि तो काजव्यासारखा चमकतोय तो कोण?”

“जावई.”

“अस्सं,” ट्रकवाला म्हणाला, आणि त्यानं पुढे काही विचारलं नाही.

बाईंनी बॉनेट उघडायला लावलं. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू त्यांनी नुसत्या बोटांनी शोधला, पाना लावून सैल केला आणि शेजारचा हातपंप दाबायला घेतला. स्क्रूपाशी फसफस ऐकू येत होती, पण फेस येतो की धार, ते त्यांच्या डोळ्यांना नीट दिसेना.

“इकडे या. बघा, काय येतंय?”

“फेस.”

“आता?”

“फेसच आहे. बुडबुडे मोठे आहेत, म्हणजे साधारण...”

“मोठे-बारीक राहू द्या. फेस थांबून सरळ धार लागली की सांगा. तोवर तोंड बंद.”

त्याला तोंड बंद ठेवता येत नव्हतं. “पण आई, मला एक कळत नाही. हिशेबानं टाकीत चौदा लिटर हवं होतं. मी रात्री झोपायच्या आधीसुद्धा पाहिलं. काल पाव टाकीच्या वर होतं, म्हणून तर भरलं नाही. हे चौदा लिटर गेलं कुठं?”

बाईंचा हात पंपावर थांबला.

काल दुपारी वीज गेली होती. सुकवायचं यंत्र मध्येच बंद पडलं, आत इस्पितळाच्या ओल्या चादरी. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. बाईंनी बॉयलरवाल्याला हाक मारून सांगितलं होतं, “व्हॅनच्या टाकीत नळी घाल आणि काढ लागेल तेवढं.” वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. सकाळी भरलेली टाकी दुपारी भरलेलीच असायची. त्यातून पंधरा लिटर गेलं तरी दुसऱ्या दिवशीचा फेरा आरामात व्हायचा. टाकी आता रोज भरली जात नाही, हे त्यांना माहीत होतं. माहीत असून हात जुन्या सवयीनं चालला. आणि जावयाला सांगायचं, हे तर मनातही आलं नाही. त्याला काही सांगायची त्यांना सवयच नव्हती.

त्यांनी पंप पुन्हा दाबायला घेतला. जोरात.

“आई! धार! सरळ धार लागली!”

त्यांनी स्क्रू आवळला. तिसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू झाली. पाना परत गेला, जावयानं त्रिकोण घडी करून पिशवीत ठेवला, आणि नऊ वाजून वीस मिनिटांनी ते इस्पितळाच्या मागच्या दाराशी पोचले.

मेट्रनबाई दारातच उभ्या होत्या. “पहिलं ऑपरेशन मागे ढकललं. पेशंट उपाशीपोटी बाहेर पडून आहे, त्याची बायको मला जाब विचारतेय. काय झालं?”

बाईंनी तोंड उघडायच्या आत जावई पुढे झाला. अंगात ते जाकीट अजून होतंच.

“मॅडम, डिझेल संपलं. पण आमची पूर्वतयारी होती, म्हणून एवढ्यावर सुटलो. नाहीतर दोन तास तरी गेले असते! तुमच्या ॲम्ब्युलन्सला अशी पिशवी आहे का? मी यादी पाठवतो तुम्हाला.”

मेट्रनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. “मी विचारतेय, चूक कुणाची?”

“तांत्रिक आहे, मॅडम,” जावई म्हणाला. “हिशेबातून चौदा लिटर...”

“माझी,” मोठ्या बाई म्हणाल्या. “काल वीज गेली. तुमच्याच चादरी सुकवायला मी टाकीतलं डिझेल काढायला लावलं आणि कुणाला सांगितलं नाही.”

जावई गाठोडी उतरवायला व्हॅनकडे वळला.

मेट्रनबाई मोठ्या बाईंकडे वळल्या. “बाई, तुम्ही गाडी आणत होता तेव्हा एकदाही उशीर झाला नाही.”

“आज झाला.”

“महिनाअखेरपर्यंत बघते. पण उद्यापासून गाडी कुणाच्या भरवशावर येणार, ते मला आत्ता सांगून जा. मला नाव पाहिजे. कारणं नकोत.”

“आलेच,” बाई म्हणाल्या.

व्हॅनचं मागचं दार उघडं होतं. जावई गाठोडी उतरवून मोकळा झाला होता आणि पिशवी पुन्हा लावत होता. एकेक वस्तू आत ठेवून यादीवर खूण करत होता. बाईंना पाहून त्यानं मान वर केली. नाराज दिसत नव्हता. उलट सासूला माफ करून टाकल्यासारखा प्रसन्न होता.

“जाऊ द्या, आई. होतं असं. पण एक बघा, सराव कामाला आला की नाही?”

मोठ्या बाईंनी हात पुढे केला.

“किल्ली द्या, जावईबापू. डिझेल मी काढलं, ती चूक माझी, आणि तुमच्यादेखत मी ती कबूल केली. माझ्या चुकीचं ओझं तुमच्यावर टाकत नाही. तुमचं वेगळं आहे. गाडीनं आचका दिला तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. मागे चादरी, तिकडे माणूस उपाशी पडलेला, पाच घरांची चूल टांगणीला, आणि तुम्हाला आनंद झाला होता. गाडी चालावी म्हणून तुम्ही काही केलं नाहीत; ती बंद पडावी म्हणून इतके दिवस डोळे लावून बसला होतात. चुकणारा माणूस मी पोसते, मीही चुकते. वाट बघणारा नको. उद्यापासून गाडी धाकटी चालवेल, आणि तुम्ही तिच्या शेजारी बसून गाठोडी उतरवाल. मुकाट्यानं.”