जोडसायकलची मागची सीट

झिस्लेनची दृष्टी गेली तेव्हा ती चाळिशीत होती, आणि नवरा गेला तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर. पहिल्या धक्क्यातून तिला नवऱ्यानं बाहेर काढलं, दुसऱ्यातून दिरानं. दिराचं नाव रेजिस. भावाला माती देऊन महिना झाला नसेल, तोच तो कुठूनशी एक जुनी जोडसायकल घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"चला मालकीणबाई, मागे बसा. रस्ता मी बघतो, तुम्ही नुसते पाय हलवा."

तेव्हापासून सेले नदीच्या खोऱ्यातला एक रस्ता त्यांनी सोडला नव्हता. कड्याच्या पोटाखालून नदीला चिकटून जाणारा, ओकच्या खुरट्या रानातून वर पठारावर चढणारा, मेंढ्यांच्या वाड्यांमधून फिरून पुन्हा पाण्याकडे उतरणारा, सगळे त्यांचे पायाखालचे झाले. लाबोरी गावच्या पर्यटन कचेरीत फोनवर झिस्लेनच बसायची. बाहेरगावचे सायकलवाले विचारायचे, बाई, कुठल्या वाटेनं जावं? ती सांगायची, "सकाळी नदीकाठानं निघा, ऊन चढेपर्यंत कड्याची सावली मिळेल. मार्सिलाकला बाटल्या भरून घ्या, पुढच्या चढावर पाण्याचा थेंब नाही." ज्या सहजपणे ती हे सांगायची, त्यातच तिचं सुख होतं.

जोडसायकलीवर पुढच्याचे नि मागच्याचे पाय एकाच साखळीला बांधलेले असतात. एकाचे थबकले की दुसऱ्याचे थबकतात. रेजिस सायकलवर फारसा बोलायचा नाही, पण त्याचे पाय बोलायचे. उतारावर वळण आलं की तो बाहेरच्या बाजूचं पायडल खाली दाबायचा. डावं पायडल खाली गेलं की झिस्लेन उजवीकडे झुकायची, उजवं गेलं की डावीकडे. तेवढ्यावर दोघांचं भागायचं. लांब उतारासाठी मागच्या चाकाला एक जादा ब्रेक होता आणि त्याची दांडी झिस्लेनच्या हाताशी होती. रेजिसनं "ओढ" म्हटलं की ती ओढायची. स्वतःच्या मनानं तिनं तो कधी ओढला नव्हता.

एप्रिलमधल्या एका शनिवारी ते पठारावरून खाली उतरत होते. वारा कानात भणभणत होता. कड्याजवळचं वळण आलं हे झिस्लेनला गालावर कळलं, कारण तिथे खडकाचा गारवा एकदम अंगावर येतो. तिनं पायडल खाली जायची वाट पाहिली. ते गेलं नाही.

"रेजिस!"

सायकल सरळच सुटली होती.

"रेजिस, वळण!"

तिनं दोन्ही हातांनी दांडी ओढली. मागचं चाक फरफटलं, सायकल आडवी झाली आणि दोघं रस्त्याकडेच्या झुडपांत जाऊन पडली. झिस्लेनचं कोपर सोलवटून निघालं. हात लांब केला तर दगडी कठडा लागला, गुडघ्याएवढा. कठड्यापलीकडे, खूप खाली, नदी वाहत होती.

"लागलं का रे तुला?"

रेजिसची जीभ जड झाली होती. "पोचलो का? कोरिननं पानं वाढली?"

 कोरिन म्हणजे त्याची बायको, आणि घर अजून दोन गावं लांब होतं. थोड्या वेळानं तो उठून बसला, खोकला, आणि मग त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हरीण. साला हरीण आडवं आलं."

"मला नाही ऐकू आलं."

"हरीण काय गळ्यात घंटा बांधून फिरतं?"

दुपारी त्याच्या घरी जेवताना हरणाला शिंगं फुटली. संध्याकाळी शेजारी आले तेव्हा ती शिंगं हातभर लांब झाली होती. सगळे हसले. कोरिननं झिस्लेनच्या कोपराला पट्टी बांधली आणि बदकाच्या रश्श्याची वाटी पुढे सरकवली. झिस्लेननं वाटी तशीच ठेवली. तिला आता मागचे दोन प्रसंग आठवत होते. फेब्रुवारीत नदीकाठच्या सरळ रस्त्यावर तिनं काहीतरी विचारलं होतं आणि रेजिस बराच वेळ गप्प राहिला होता, पाय मात्र घड्याळासारखे फिरत होते. त्याआधी एकदा पुलावर तसंच. तिला वाटलं होतं, विचारात असेल. लोक कानाडोळा करतात म्हणतात, पण डोळे नसलेल्या बाईनंही तो केला होता.

आणि रेजिस शाळेची गाडी चालवायचा. सोमवारी सकाळी तो ती काढणार होता. वरच्या वाड्यांची आणि लाबोरीची मुलं भरून, त्याच उतारानं, त्याच वळणावरून.

शेजारी गेल्यावर तो पडवीत सायकलचं वाकलेलं चाक सरळ करत होता. झिस्लेन काठी टेकत त्याच्याजवळ गेली.

"रेजिस, हरीण नव्हतं."

चाकाच्या तारांवरची टकटक थांबली.

"उतारावर तू नव्हतास," ती म्हणाली. "तुझं पायडल खाली गेलं नाही. मी दोन हाका मारल्या. आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. डॉक्टरकडे जा. तोवर गाडी नको चालवूस."

"तू बघितलंस?" तो म्हणाला. "सांग ना, तू बघितलंस?"

इतक्या वर्षांत त्यानं तिचं आंधळेपण असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. झिस्लेनचा चेहरा तापला.

"डॉक्टरकडे गेलो की तो काय लिहील माहीत आहे? लायसन गेलं. गाडी गेली. या वयात मी काय करू, पर्यटकांना होड्या देऊ भाड्यानं? आणि तुझं काय? तुला कोण नेणार पठारावर? बसशील फोनपाशी, लोकांना रस्ते सांगत."

हे मात्र खोल गेलं, कारण तेच तिच्याही मनात होतं. त्या पडवीपर्यंत येताना तिनं तोच हिशेब मांडला होता आणि स्वतःची लाज वाटून पुसून टाकला होता.

रविवारी मोसमातली पहिली मोठी फेरी होती, खोऱ्यातली सगळी सायकल मंडळं यायची. झिस्लेननं कोपराचं निमित्त सांगितलं. खिडकीत बसून तिनं चाकांची सरसर ऐकली, कुणीतरी खालून ओरडलं, "काय मालकीणबाई, हरणाला घाबरलात?" सगळे निघून गेल्यावर तिनं कोरिनला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

 कोरिन हळूच म्हणाली, "जेवताना होतं त्याला. चमचा हातात तसाच राहतो. मी हाक मारते, तो ऐकत नाही. मग एकदम सूप पुढे खायला लागतो."

"तुला माहीत होतं!"

"गाडीवर कधी नाही झालं गं."

"तुला कसं कळणार? तू काय गाडीत असतेस?"

"झिस्लेन, हात जोडते. मी त्याच्याशी बोलेन. उन्हाळ्याची सुट्टी लागू दे, मग नेते डॉक्टरकडे. आता मध्येच गाडी सोडली तर गावभर होईल. हा माणूस ते सहन नाही करायचा. त्यानं तुझ्यासाठी किती केलं..."

"ते मला तू नको सांगूस," झिस्लेन म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी ती लवकर उठली. कॉफी केली आणि न पिताच मोरीत ओतली. चर्चपुढच्या चौकात ती पोचली तेव्हा मुलांचा कलकलाट सुरू झाला होता. दप्तरं फरशीवर आपटत होती, कुणाची तरी आई लोकरी टोपी घालण्यावरून ओरडत होती. गाडी वरच्या वाड्यांकडे रिकामी जायची नाही. आधी इथली मुलं घ्यायची, मग वर चढायची. गाडीचा आवाज वळून चौकात आला आणि थांबला. झिस्लेन आवाजाच्या दिशेनं गेली, दाराची कड चाचपली आणि दारातच उभी राहिली.

"उतर, रेजिस."

"बाजूला हो," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मुलं बघतायत."

"मुलं चढायच्या आत उतर. मी काही बोलणार नाही. बरं नाही म्हण आणि उतर."

तो एकदम मोठ्यानं हसला. "ऐकलंत का? शनिवारी आमच्या भावजयीच्या डोक्याला मार लागलाय. तिला शाळेत जायचंय!"

मुलं खिदळली. एक-दोन आयाही हसल्या.  अजून वेळ होता, हसण्यात हसू मिसळून बाजूला होता आलं असतं.

"शनिवारी हरीण नव्हतं," ती चौकाकडे तोंड करून म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "याची शुद्ध जाते. बसल्या बसल्या जाते आणि याला कळत नाही. कड्याच्या वळणावर गेली होती. मी मागे होते म्हणून वाचलो. या गाडीत मागे ब्रेक नाही."

कलकलाट थांबला. मग टोपीवरून ओरडणारी बाई म्हणाली, "रेजिस, खरं आहे हे?"

 इंजिन तसंच गुरगुरत राहिलं. झिस्लेनला ऐकू आलं, कुणीतरी मुलाचा हात धरून त्याला मागे ओढलं. मग दुसऱ्या कुणी. दप्तरं पुन्हा खांद्यांवर गेली. शेवटी इंजिन बंद झालं. रेजिस खाली उतरला, तिला धक्का लागणार नाही इतक्या बेतानं तिच्या बाजूनं गेला, त्या बाईच्या हातात किल्ली दिली आणि चालू लागला. झिस्लेननं हाक मारली. त्यानं पाऊल मंदही केलं नाही.

मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. अपस्मार निघाला, झटके न येणारा, नुसतं भान नेणारा. लायसन गेलं, गाडी कुणा दुसऱ्याकडे गेली. गावात काहींनी झिस्लेनचे हात हातात घेतले. काही म्हणाले, घरातली गोष्ट घरात सांगायची असते, चौकात नाही. कोरिन अंडी आणून दाराशी ठेवायची आणि आत न येता परत जायची. सायकल मंडळानं झिस्लेनसाठी दुसरा जोडीदार शोधला, भला तरुण होता, प्रत्येक वळण तोंडानं सांगायचा. एका फेरीनंतर तिनं त्याचे आभार मानले आणि पुन्हा बोलावू नकोस म्हणाली. का, ते तिला सांगता आलं नाही.

ऑक्टोबरात अक्रोड पडायला लागले. झिस्लेन अंगणात गुडघे टेकून ते चाचपून गोळा करत होती, तेव्हा फाटक वाजलं. पावलं तिनं ओळखली आणि ती तशीच बसून राहिली.

रेजिस फाटकापाशीच उभा राहिला. "गोळ्या चालू आहेत," तो म्हणाला. "मेपासून एकदाही झालं नाही."

"बरं झालं."

"म्हणजे मी गाडी चालवत राहिलो असतो, नुसत्या गोळ्या घेतल्या असत्या, तरी काही झालं नसतं. मुलं रोज सुखरूप पोचली असती."

"पोचली असती कदाचित."

"मग?" त्याचा आवाज चढला. "मग चौकात माझी ती शोभा कशाला?"

झिस्लेननं हातातला अक्रोड टोपलीत टाकला. तिला म्हणता आलं असतं, मी नसते बोलले तर तू गोळ्या घेतल्याच नसत्यास. ते खरंही होतं. पण तो ते ऐकायला आला नव्हता, आणि तिलाही रोज पहाटे जाग आली की हाच प्रश्न पडायचा.

"मला माहीत नाही, रेजिस," ती म्हणाली. "तेव्हाही नव्हतं. नुसती भीती वाटली."

 तो तिच्याजवळ आला, भरलेली टोपली उचलून पडवीत नेऊन ठेवली आणि रिकामी तिच्यासमोर आणून ठेवली. तिला वाटलं, आता बसेल. तिनं विचारलंही, "कॉफी ठेवू?"

"नको," तो म्हणाला. "कोरिन वाट बघतेय."

फाटक लागलं. झिस्लेन पुन्हा गवतात हात फिरवू लागली.