वकीलसाहेबांचा आजार

माझं डोकं तापायला फार काही लागत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी तापायच्या आधी मी गारच पडले. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. काचा बसवायच्या, वाकड्या दांड्या सरळ करायच्या, नाकावर रुतणारा चष्मा जरा सैल करून द्यायचा. लेकीच्या जिवलग मैत्रिणीची आई नवा चष्मा न्यायला आली होती. कानामागे दांडी नीट बसतेय का ते मी बघत होते, तेवढ्यात तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "आता कसं आहे तिचं?"

कुणाचं, तर म्हणे तुमच्या मुलीचं. मग त्या भल्या बाईने सगळं सांगितलं. माझ्या मुलीला म्हणे कसलातरी दुर्मीळ आजार आहे. बाहेरचं चिकन-मटण पोटात गेलं की अंगभर गांधी उठतात आणि श्वास कोंडतो. जेलीच्या रंगीत गोळ्या खाल्ल्या तर थेट हॉस्पिटल. म्हणून ती खेळायला गेली की ही माउली तिची ताटली वेगळी घासून ठेवायची. काळजीपोटी तिने हे वर्गाच्या बाईंच्या कानावर घातलं, आणि बाईंनी घाबरून माझ्या मुलीचं नाव शाळेच्या सहलीतून काढून टाकलं. एवढ्या आजारी मुलीला मुक्कामाला नेऊन भलतंच काही झालं तर जबाबदार कोण?

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? आदल्याच दिवशी दोनदा रस्सा मागून घेणारी ही आजारी मुलगी, हे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू?

घरात तिला आम्ही वकीलसाहेब म्हणतो. नऊ वर्षांची आहे, पण झोपायची वेळ असो की दूध प्यायची, मुद्दा मांडल्याशिवाय जागची हलत नाही. पाढे पाठ व्हायच्या आधी तिला पाकिटामागची बारीक अक्षरं वाचता येत होती. जिलेटिन कशापासून काढलंय, चरबी कशाची, सगळी उलटतपासणी करते. मला वाटायचं, आपण गड जिंकला. आता ही पोरगी जगात कुठेही गेली तरी चिंता नाही.

संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात समोर बसवलं. सहलीसाठी तिची बॅग कधीची भरून तयार होती, ती कुणाला हात लावू देत नव्हती. मी म्हटलं, उद्या शाळेत जाऊ, बाईंना खरं काय ते सांग, नाव परत घालतील. तर म्हणाली, नको. सहलच नको. मी पुन्हा विचारलं, तरी तेच. मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आजारी म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही, आणि हलाल म्हणायची वाटते?"

ती रडली नाही. टेबलाची कड नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "तू नेहमी 'चालत नाही' एवढंच सांगतेस. पुढे काय सांगायचं ते मला येतच नाही."

खूप लागलं मला ते. राग कुठल्या कुठे पळाला. खरंच होतं की. हे नको, ते ठेव, थुंक आधी, यापलीकडे मी तिला काय दिलं होतं? मी गॅस बंद केला आणि तिच्याजवळ बसले. हलाल म्हणजे नुसती मनाई नाही, असं सांगायला लागले. फळं, भाज्या, दूध, मासे, जगातलं कितीतरी आपल्याला खुलं आहे. मटणाचं विचारशील तर तो जीव काही आपल्या मालकीचा नाही. म्हणून त्याला आधी पाणी पाजायचं, त्याच्यासमोर सुरीला धार लावायची नाही, ज्याने तो जीव दिला त्याचं नाव घ्यायचं आणि कापताना त्या जिवाला होता होईल तेवढा कमी त्रास द्यायचा. आणि मी गिऱ्हाइकाला हलकी काच भारी म्हणून विकली, तर त्या पैशातला कोबीसुद्धा आपल्याला हलाल नाही. कोबीवर ती हसली. मग वकिली सुरू झाली, आणि प्रश्न विचारून विचारून तिने माझा जीव नकोसा केला. पण सहलीचं काढलं की पुन्हा चूप.

तिचे अब्बा लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. घरी आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. हे खोटं तिला शिकवलं कुणी, म्हणून मी शाळेला, टीव्हीला आणि लगे हाथ माझ्या जावेलाही धारेवर धरलं. हे खाली बघून बूट काढत राहिले. उद्या अर्धी रजा टाकतो, आपण तिघेही जाऊ, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी आम्हाला शिक्षकांच्या खोलीत बसवलं. कुणाचा तरी वाढदिवस होता, टेबलावर चिकन सँडविचचं ताट होतं. लेक माझा पदर मुठीत धरून उभी होती, तोंडातून ब्र नाही. म्हटलं, आता मलाच बोलावं लागणार. बाईंनी अगत्याने ताट यांच्यापुढे धरलं.

आणि हे छातीवर हात ठेवून, अगदी सराईतपणे म्हणाले, "नको बाई, मला पित्ताचा त्रास आहे. डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय."

माझा नवरा दगड पचवेल. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आणि म्हणे मी जावेला धारेवर धरत होते!

लेकीने माझा पदर सोडला. "बाई, अब्बांना पित्त नाही. कामावरही ते हेच सांगतात, मी ऐकलंय. आम्ही हलाल खातो. मलाही काही झालेलं नाही."

बाईंनी ताट खाली ठेवलं. हलाल म्हणजे नक्की काय, त्यांनी साधेपणाने विचारलं. लेकीने पाण्यापासून सुरीपर्यंत सगळं सांगितलं, कोबीही सोडला नाही. बाई हसल्या, पण चांगलं हसल्या. मग म्हणाल्या, इतकं छान सांगता येतं, तर आजाराचं कशाला सांगितलंस गं?

"आजारी म्हटलं की सगळे काळजी करतात," ती म्हणाली. "हे सांगितलं की नुसते बघत राहतील, असं वाटलं."

मला तिला पोटाशी धरावंसं वाटत होतं, पण ती वडिलांकडे बघत होती. यांचे कान लालबुंद झाले होते.

"ती खरं सांगतेय, बाई," ते म्हणाले. "मला पित्त नाही. मी हलाल खातो." एवढं बोलताना त्यांचा आवाज कापला. इतक्या वर्षांत मी तो असा कधी ऐकला नव्हता.

बाईंनी सहलीत तिचं नाव पुन्हा घातलं. व्हरांड्यात आल्यावर लेकीने यांचं बोट धरलं आणि म्हणाली, "पहिल्यांदा सांगताना भीती वाटते, अब्बा. नंतर नाही वाटत."