भेगेच्या टोकाचं भोक

आबाची, माह्या बापाची, तेरवी झाली आन दुसऱ्या दिवशी माह्या भावानं, बंडूनं, लोखंडी पेटी आनून माह्या ओट्यावर आदळली. "आबानं सांगतलं होतं, पेटी वच्छलेची. घे बाई, आन मोकळं कर मले," म्हने. मले वाटलं मायची लुगडी असतीन. उघडली तं आबाच्या जुन्या धोतरात गुंडाळेल एक झांज. एकच. जोडी नाही, दोरी नाही, हिरवी पडेल.

पेटीचं झाकन लावलं आन त्याच्यावर बसली. आमच्या गावात झांज म्हनलं की शेंबड्या पोराले बी एकच गोष्ट माईत हाय.

गाव आमचं बार्शीटाकळीपासून आठ किलोमीटर. मारोतीच्या देवळात दर शनिवारी भजन. मंडळाची झांजेची जोडी गावानं ओतून घेतली होती, घराघरातून काशाचं एकेक भांडं मागून. कोनाची वाटी, कोनाची थाळी. त्याच्यानं तिचे नेम बी कडक. ओलांडाची नाही, पाय लागू द्याचा नाही, आन ज्याच्या हातून फुटली त्यानं जलमभर मंडळात बसाचं नाही. तीस वर्सामागं त्या जोडीतली एक झांज गायब झाली. देवळाच्या कपाटाच्या किल्ल्या दोघांजवळ. एक मंडळाच्या प्रमुखाजवळ, म्हंजे किसनरावाजवळ, माह्या आबाजवळ. दुसरी झांज वाजवनाऱ्या बुधाजीजवळ. आबा म्हंजे गावाचा देवमानूस, त्याच्यावर कोन संशय घेते? चोर ठरला बुधाजी. त्यानं त्या दिवशी देवळाची पायरी सोडली ते सोडली.

आता बुधाजी कोन, तं माहा सासरा.

तवा मी अठरा वर्सांची होती. अमरावतीले डीएडले नंबर लागला होता, बॅग भरून तयार. तिकडे चोराच्या घरी कोनी पोरगी देईना. तं एका सकाळी आबा चहाचा कप खाली ठेवून म्हनला, "वच्छी बुधाजीच्या घरी जाईन." साऱ्या गावानं तोंडात बोटं घातली. काय मोठ्या मनाचा मानूस, म्हने, पोटची पोर दिली. मी दोन दिवस जेवली नाही, ते कोनाच्याच ध्यानात राह्यलं नाही. माहेर चार घरं पल्याड. त्या ओट्यावून उठवली आन ह्या ओट्यावर बसवली, बस. माहा नवरा मानूस वाईट नाही, वरूडले संत्र्याच्या पॅकिंगवर राह्यते, पंधरा दिवसांतून एकदा येते. पन सासऱ्याचं, मामाजीचं, रोजचं एकच. सकाळी खाटेवर उठून बसन, आबाच्या घराकडे तोंड करन आन हात जोडन. "तुह्या बापानं माही इज्जत राखली, पोरी." काचबिंदूनं डोळे गेले तरी ते घर कोन्या दिशेले हाय हे तो इसरला नाही.

आता सांगा, त्या पेटीतली झांज मी कोनाले दाखवू? गावात दाखवली तं एका घंट्यात चावडीवर जाईन. न दाखवावं तं जीव खाते. मी रोज मनाले समजावे, बाई, झांजा काय एकच असतेत का दुनियेत. चार दिवस असे काढले. पाचव्या दिवशी बीपीच्या गोळ्या आनतो म्हनून अकोल्याची एसटी धरली. पिशवीत खाली झांज, वरून मेथीची जुडी.

जुन्या शहरात बँडवाल्यांचे बाजे दुरुस्त करनारा जैनुद्दीन चाचा हाय, हे मले लग्नाच्या वरातीतल्या पोरांकडून माईत होतं. ऐंशीच्या वर असन, पन हात अजून थिर. त्यानं झांज घेतली, चिंचेच्या पान्यानं पुसली, उजेडात फिरवली. मंग कडेजवळ त्याचं बोट थांबलं.

"हे भोक माहं हाय," म्हने.

मले काई समजलं नाही. त्यानं माहं बोट धरून तिथं ठेवलं. कडेपासून आत बोटभर भेग गेली होती, केसासारखी बारीक, आन जिथं ती संपली तिथं ज्वारीच्या दान्याएवढं भोक. भोकाच्या बाजूले तीन टिंबं.

"कासं एकदा तडकलं ना बाई, की भेग चालत राह्यते. तिच्या टोकाले भोक पाडलं तं तिथंच थांबते. आन ही तीन टिंबं माही निशानी. माहा नातू तौहीद पैदा झाला त्या हप्त्यातलं काम हाय हे, म्हनून याद हाय. धोतरवाला मानूस होता. ईद-दिवाळीची घासघूस असते तसी झांज घासून राह्यला होता म्हने, इहिरीच्या काठावर. हातातून सुटली."

"काय म्हनला तो?" मी इचारलं.

"इचारे, भेग दिसन का? मी म्हनलं, दिसनार नाही, पन आयकू येईन. तं तो मटकन खाली बसला. म्हने, मंग नाही चालत, आमच्या बुधाजीचे कान लय तिखट हायेत. आन रडला बाई. एवढा मोठा मानूस, हिथं, ह्याच बाकड्यावर." चाचानं मले त्याच्या बायकोच्या, खुर्शीदबीच्या, हातचा चहा देला. मी तो तसाच ठेवून झांज पिशवीत घातली.

एसटीत खिडकीजवळ बसली आन सारं एकामागून एक लागत गेलं. आबानं चोरली नाही, फोडली. मंडळातून उठा लागन म्हनून दडवली. बुधाजी ओळखन म्हनून वापस ठेवली नाही. आन बुधाजीवर नाव आलं तं गप्प बसला. मंग त्याचं मन खाऊ लागलं, तं पोरगी देऊन टाकली. भेग अजून पुढं जाऊ नये म्हनून टोकाले भोक पाडतेत, ते मी. मले एवढा राग आला की बाजूच्या बाईनं इचारलं, पोट दुखते का? मी म्हनलं, हो.

घरी येऊन झांज ज्वारीच्या कोठीत खुपसली. दोन दिवस मी त्या कोठीत हात घातला नाही, शेजारच्या पंचफुलेकडून पीठ मागून भाकरी केल्या. इहिरीत टाकावं म्हनलं तं मामाजी असाच चोर मरनार. सांगावं म्हनलं तं त्याचा देव मोडते आन माहं माहेर जाते. जिकडे वळावं तिकडे भिंत. शेवटी शनिवारी दुपारी ज्वारी घ्याच लागली. वाटीचा धक्का लागला आन झांज वाजली. कोठीतल्या कोठीत, दबकी.

ओट्यावून आवाज आला, "वच्छला. ते काय होतं वं?"

"काई नाही मामाजी, वाटी."

"वाटी नोहे ते. आन हिकडं."

त्याच्यापुढं खोटं बोलाची माही छाती झाली नाही. आनून हातात देली. त्यानं कानाजवळ धरली, नखानं टिचकी मारली. चेहरा असा झाला की मले पाह्यवेना. "आपली हाय," म्हने. "आमच्या घरची वाटी गेली हाय हिच्यात. पन फुटेल हाय." मंग म्हने, "कुठी सापडली?"

"आबाच्या पेटीत."

चाचानं सांगतलं ते सारं मी सांगतलं. मामाजीचं बोट त्या भोकावर फिरत राह्यलं. मंग त्यानं झांज आपल्या गोधडीखाली सरकवली.

"कोनाले सांगू नको. तुह्या बापाले मी तीस वर्सं हात जोडले. ते बी खोटं म्हनलं तं माह्यापाशी काय राह्यते? हिथंच राहू दे. मी मेल्यावर माह्याबरोबर जाईन."

मी आत गेली. भाकर थापाले बसली आन हात थांबला. तो मेल्यावर गोधडी कोन काढते? गाव काढते. झांज कोनाच्या खाटेत सापडते? बुधाजीच्या. तवा लोक काय म्हनतीन? पाहा, म्हनतीन, तीस वर्सं उराशी धरून बसला होता चोट्टा. आन शेजारी मी, देवमानसाची लेक, त्याच चोराच्या घरची सून. जलमभर.

मामाजीसाठी उठली असं मी म्हननार नाही. मी माह्यासाठी उठली. दिवेलागनीची वेळ होती, मामाजीचा डोळा लागेल होता. गोधडीखालून झांज काढली, तसीच पिठाच्या हातानं निंघाली.

देवळात भजन चालू होतं. बाया मागं बसतेत. मी त्याह्यच्यातून गेली, मानसांतून गेली, आन बंडूपुढं उभी राह्यली. जोडीतली उरलेली जुनी झांज आता तोच वाजवते, दुसऱ्या हातात बाजारातली. "हे काय, ताई?" म्हने.

"जुनी झांज पुढं कर."

त्यानं गोंधळून केली. मी हातातली तिच्यावर हानली. अंगातल्या साऱ्या ताकदीनं. दोन्ही एकाच ओतीतल्या, एकाच सुरात उठल्या, आन मधात माहीवाली खरखरली. म्हाताऱ्यांचे टाळ थांबले. त्याह्यले सांगाची गरजच नव्हती, तरी मी सांगतलं. "ही आबानं फोडली आन आबानंच दडवली. बुधाजीनं काई चोरलं नाही."

बंडूचं तोंड पांढरं पडलं. तो हळूच म्हनला, "आजपासून तुले माहेर नाही, वच्छे." मी झांज पदराखाली घेतली आन वापस आली.

मामाजी ओट्यावर उठून बसेल होता. देवळातून आवाज आयकू आला असन, कान तिखटच त्याचे. त्यानं हात पुढं केला, मी झांज देली. त्याचं बोट भेगेवून गेलं, भोकापाशी आलं, आन थांबलं नाही. पुढं गेलं.

"भेग पल्याड गेली," म्हने.

"हो."

"बंडू काय म्हनला?"

मी सांगतलं.

"आता तुले जाले कुठी जागा उरली नाही, पोरी."

"आंधी तरी कुठी होती, मामाजी?"

आबाच्या घराच्या दिशेले त्यानं तोंड केलं नाही, हात बी जोडले नाही. मंग खाटेखाली पाय फिरवून चपला शोधल्या.

"माही काठी दे," म्हने, "भजन उठलं नसन अजून."